छातीत पाणी, वाटेत चौकी

"पाणी झालंय," डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रेची काळी फिल्म त्यांनी खिडकीपुढे धरली. डाव्या बाजूला, फुप्फुस दिसायला हवं तिथे, पांढरं धुकं होतं. थंडीच्या सकाळी नर्मदेवर असतं तसं. खरं सांगते, मला ते सुंदर वाटलं. अंगात इतका ताप होता की भिंतीवरची पालसुद्धा सुंदर वाटली असती.

आजाराचं नाव प्लुरल इफ्यूजन. फुप्फुसाभोवती पातळ दुपदरी आवरण असतं, त्या दोन पदरांच्या मध्ये पाणी साचतं. माझ्या वयाच्या मुलींत कारण बहुतेकदा टीबीच. डॉक्टर आमच्या ओळखीचे, जबलपूरच्या राइट टाउनमधले मराठी गृहस्थ. आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज घ्यायची. मध्ये खंड पडला की जंतू सावध होतो, मग औषधाला जुमानत नाही. बाकी काही विसरलीस तरी चालेल, सुई विसरू नकोस."

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला खोकल्याबरोबर एका कुशीत सुई टोचल्यासारखं होत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, तर उद्या जाऊ म्हणू नका. मी म्हटलं. चीनशी लढाई सुरू होती, बाबांच्या कारखान्यात दिवसरात्र तोफांचं काम चाललेलं. 'दोन पाळ्यांच्या मध्ये माणसाला झोपू द्या' अशी पत्रकं मी फाटकावर वाटत होते. दम लागायचा, तर वाटायचं, घोषणा जास्त झाल्या असतील.

मग पहिल्यांदा पाणी काढलं. याला टॅपिंग म्हणतात. खुर्चीवर उलटं बसवतात, पाठीत बधिर करतात आणि फासळ्यांमधून जाड सुई घालतात. बाटलीत पातळ चहाच्या रंगाचं पाणी येत राहिलं. माझ्या आत एक तळं होतं आणि मला पत्ताच नव्हता. पाणी उतरलं तशी मी हलकी होत गेले. छताला टेकेन असं वाटलं.

सुईचा एक त्रास आधीच सांगून ठेवते. स्ट्रेप्टोमायसिन कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागावर बसतं. कान गुणगुणतात. रस्ता पाळण्यासारखा हलतो. मी भिंतीला हात लावत दवाखान्यात जायची. सायकली, टांगे, बोरांच्या टोपल्या सगळं संथ तरंगत जायचं. भीती वाटायची नाही. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी मात्रा थोडी कमी केली.

त्या तरंगत्या रस्त्यावर पोलिसांची चौकी होती.

आता माझ्या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं. बाबा कारखान्यात फिटर. मागच्या मोठ्या लढाईत त्यांना आसामच्या डेपोत पाठवलं होतं. तिथून ते लुशाई डोंगरातली मुलगी लग्न करून घेऊन आले. ती माझी आई. तिचे डोळे, नाक आणि गालाची हाडं मला मिळाली. मराठी मात्र जबलपूरचीच. लढाई सुरू झाली आणि एका आठवड्यात आमच्या गल्लीबाहेर आमचे चेहरे चिनी झाले. आईनं घराबाहेर पडणं सोडलं. मला सोडता येत नव्हतं. सुई होती.

"काए, किधर?" हवालदार रोज विचारायचा.

"दवाखाने."

"पीके आई हो? चल तो ऐसे रही हो."

"सुई से चक्कर आता है."

"कौन सी सुई?"

मग पिशवी उलटी करायची. औषधाच्या पावडरच्या पुड्या हुंगायच्या. कधी कोपऱ्यात उभं करायचं, कधी लगेच सोडायचं. माझ्या पुढून मागून शेकडो माणसं जात होती. त्यांना कुणी कुठे चाललात म्हणून विचारत नव्हतं. याला चौकशी म्हणू नका. चौकशीला संशय लागतो आणि संशयाला काहीतरी घडावं लागतं. इथे फक्त नाक घडलं होतं.

एका सकाळी बाबांना युक्ती सुचली. "आपण मराठी आहो, हे दिसायला पायजे. ते बिचारे काहून ओळखतील?"

"बिचारे?" मी म्हटलं.

"तू गप बस. दम वाचव."

आईनं ट्रंकेतली नऊवारी काढली. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत आईइतकी चापूनचोपून नऊवारी कुणी नेसवत नाही. शेजारणी हळदीकुंकवाला तिच्याकडेच रांग लावतात. नथ घातली, कपाळावर चंद्रकोर काढली, डोक्यात शेवंती. बाबा मागे सरकून बघत राहिले. "आता कोण काय म्हणते पाहू!" आई हसली. कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, मी लग्नाला चाललेय आणि नवरा एक्स-रेच्या खोलीत उभा आहे.

हवालदारानं मला पाहिलं आणि शिट्टी मारली. "अरे देखो रे! आज तो चीनी मराठन बनके आई है!"

रोज साध्या साडीत जाणारी मुलगी एकदम अशी नटून आली, म्हणजे सोंग. सोंग, म्हणजे जासूस. मी चिडून मराठीत बोलले, तर शिपाई म्हणाला, पूरी ट्रेनिंग देके भेजा है. मला आत नेऊन बाकावर बसवलं.

बाकावर आधीच एक माणूस होता. सराफ्याजवळ दातांचा दवाखाना चालवणारा चिनी डॉक्टर. बाबांची दाढ त्यानंच काढली होती. जन्म इथलाच, बापानंही इथेच लोकांचे दात काढले. अंगात कोट, मांडीवर गाठोडं. तो सरकला आणि भिंतीकडची जागा मला दिली. "टेक लगा लो, बिटिया."

मी टेकले. भिंत मऊ होती, किंवा ताप चढत होता. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर हळूहळू सरकत होतं. सुईची खोली दुपारी बंद व्हायची. मला ते माहीत होतं, पण ते माहीत असणं पाण्याखाली कुठेतरी पडलं होतं. नथ जड झाली होती. श्वास अर्ध्यावर येऊन परत जात होता.

कुणीतरी कळवलं असावं, बाबा धावत आले. त्यांनी टोपी काढली. "साहब, बच्ची चीनी नहीं है! बीमार है, साहब!"

हवालदार जरा गोंधळला. मग त्याला जे सुचलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो दाताच्या डॉक्टरकडे वळला. "तू बता. ये तुम्हारी वाली है?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. नऊवारीकडे नाही, माझ्या छातीकडे, श्वासाकडे. "नहीं बड्डे," जबलपुरात भावाला म्हणतात तसं तो म्हणाला. "हमारी नहीं है. छोड़ दो इसको, साँस नहीं आ रही."

"पक्का?"

"पक्का."

आणि सोडलं! ज्याच्या शब्दावर भरवसा नाही म्हणून त्याला धरलं, त्याच्याच शब्दावर मला सोडलं. बाबा त्याला हात जोडून काही बोलणार होते, पण शिपायानं आम्हाला बाहेर ढकललं.

सुईची खोली बंद झाली होती. ताप चढला, पाणी पुन्हा भरलं, पुन्हा टॅपिंग. ते दिवस मला एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. आई उशाशी तिच्या डोंगरातलं काहीतरी गुणगुणायची, मला शब्द कळायचे नाहीत, आणि खोली हळूच पाण्यावरून निघायची. एकदा जाग आली तर डॉक्टर बाबांना सांगत होते, "खंड पडला ते वाईट झालं. आता पडू देऊ नका." बाबांनी पाळी बदलून घेतली आणि रोज मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं. चौकीवर आता कुणी अडवत नव्हतं. हवालदार उलट हात वर करायचा. "मराठन! ठीक हो?" मी बाबांच्या पाठीआड तोंड वळवायची.

ताप उतरला. मग सुया दिवसाआड झाल्या, मग फक्त गोळ्या आणि कडू पावडर. ती ताकाबरोबर घ्या, पोटाला कमी लागते. चालताना जमीन जमिनीसारखी लागू लागली. काळोखात अजून थोडा तोल जातो, तो जाईल म्हणतात.

बरी झाल्यावर मी सराफ्यात गेले. दवाखान्याला कुलूप. शेजारचा सोनार तोंडातल्या तोंडात म्हणाला, दोघं नवराबायको पोलिसांनी रेल्वेनं नेली, कुठे ते विचारू नका. खिडकीतून आत दात काढायची उंच खुर्ची दिसत होती, तिच्यावर धूळ.

आभार मानायचे तर डॉक्टरांचे आहेत, आईबाबांचे आहेत, सुई देणाऱ्या सिस्टरचे आहेत. त्यांचे मी घरी जाऊन मानले. या माणसाचे कुठे जाऊन मानू? म्हणून इथे लिहिते. आजारानं मला बदललं ते एवढंच. आमच्यासारख्या चेहऱ्याच्या लोकांनी 'आम्ही चिनी नाही' असं पत्रक काढावं, असा आग्रह बाबा अजून धरतात. मी ते काढणार नाही.

परवा शेवटचा एक्स-रे काढायला निघाले होते. चौकीवर नवीन शिपाई. त्यानं दांडा आडवा धरला. "चीनी हो क्या?"

"पहले आप बताओ," मी म्हटलं, "चीनी होती, तो सुई नहीं लगती क्या?"

दांडा तसाच राहिला. मागे टांगा थांबला, टांगेवाला ओरडायला लागला. मी दांड्यापाशी उभी राहिले, उत्तराची वाट बघत. माझ्या सुया संपल्या होत्या. मला आता घाई नव्हती.