हॉकीतला ट्रेड आणि माझी मीटिंग

गुरुवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायला बसले आणि लक्षात आलं, की मी ताटात नुसता चमचा फिरवतेय.

सकाळीच कॅलेंडरमध्ये मीटिंग येऊन पडली होती. पाठवणारी माझी बॉस, सोबत एचआरची बाई. विषयाच्या जागी एकच शब्द, 'गेश्प्रेख'. म्हणजे बोलणं... कशाबद्दल, ते काही नाही.

स्टुटगार्टमध्ये गाड्यांच्या धंद्याचं सध्या काय चाललंय ते इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. आमची कंपनी सुटे भाग बनवते, त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी हात आखडला की पहिला फटका आम्हाला. आमच्या मजल्यावर बरीच टेबलं रिकामी झाली आहेत.

त्यात मी मूळची घाबरट. मीटिंग व्हायच्या आधीच माझ्या डोक्यात सगळं पार पडलं होतं... नोकरी गेली, ब्लू कार्डच्या व्हिसावर नवी शोधायला मिळणारे मोजके महिने संपले, त्सुफेनहाउझेनचं घर सोडलं, आणि आमची ईरा पुण्याच्या शाळेत बाईंना जर्मनमध्ये उत्तरं देतेय. नवऱ्याचं, म्हणजे निखिलचं कॉन्ट्रॅक्टही संपत आलंय. सगळी भिस्त माझ्या नोकरीवर.

समोर बसला होता युर्गेन. माझ्या टीममधला सगळ्यात जुना माणूस आणि आइस हॉकीचा वेडा, अमेरिकेतल्या मॅचेस पहाटे उठून बघणारा. त्याच्या लाडक्या टीमने म्हणे एक जर्मन पोरगा ट्रेडमध्ये देऊन टाकला होता.

तिकडे दरवर्षी टीम्स नवी पोरं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. हा पोरगा अगदी वरच्या नंबरांत निवडलेला, केवढा गाजावाजा झाला होता त्याचा. आणि आता दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात एक अनुभवी डिफेंडर घेतला...

मलाही असंच वाजतगाजत आणलं होतं, पुण्याच्या ऑफिसमधून निवडून, बॅटरी थंड ठेवण्याच्या नव्या कामासाठी. मी विचारलं, एवढा चांगला होता तर दिला कशाला?

युर्गेनने चमचा खाली ठेवला. "आल्झो, म्हणजे बघ... वाईट खेळाडू घेणार कोण? जो दुसऱ्याला हवा असतो, तोच देता येतो."

मग सविस्तर सांगायला लागला. कोच नवा आहे, त्याला याच वर्षी जिंकायचंय आणि बचाव सांभाळणारा तयार माणूस आज हवाय. पोरगा अजून घडतोय, त्यात त्याच्या जागेवर आधीच दोन मोठे खेळाडू आहेत. बाकावर बसवून ठेवला तर तो गंजणार, आणि मग कोणी विचारणारही नाही. त्यापेक्षा जिथे खेळायला मिळेल तिथे जाऊ दे. यात चूक कोणाचीच नसते, असं त्याने दोनदा म्हटलं.

एरवी मी नुसती मान डोलावली असती. त्या दिवशी एकेक वाक्य मलाच लागत होतं. बॉस नवीन. प्रोजेक्ट याच हिवाळ्यात संपवायचंय. आणि ज्या कामासाठी मला आणलं ते पुढे ढकललेलं. मला त्याचा रागच आला... अरे बाबा, तुझ्या पोराला घ्यायला दुसरी टीम तरी होती! मसूर आणि श्पेट्झले, म्हणजे इथल्या जाड शेवया, तसेच टाकून मी उठले.

निखिलला फोन लावला आणि त्याने उचलायच्या आत ठेवून दिला. तो घरूनच काम करतो आणि सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत, त्यांच्यासमोर तो काय बोलणार?

मीटिंगच्या खोलीत शिरले. बॉस, एचआरची बाई... आणि युर्गेन.

तो बेट्रीब्सराटवर आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या समितीवर. कोणाला काढायचं किंवा हलवायचं असेल तर कंपनीला आधी या समितीला कळवावं लागतं. त्याला तिथे बघून माझा उरलासुरला धीरही गेला. म्हणजे सगळं ठरलेलंच होतं तर.

बॉसने सरळ सांगितलं. बॅटरीचं काम आमच्याच कंपनीच्या, जवळच्या झिंडेलफिंगेन गावातल्या ऑफिसमध्ये सुरू होतंय आणि त्यांनी मला मागितलंय. इथलं प्रोजेक्ट तडीस न्यायला तिकडचा एक अनुभवी माणूस इकडे येणार. माझी नोकरी कायम.

आणि मी काय विचारावं? "मी कुठे कमी पडले का?"

बॉस गोंधळली. उत्तर युर्गेनने दिलं. "नाइन, अजिबात नाही. त्यांनी तुझं नाव घेऊन मागितलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला आधीपासून सगळं माहीत होतं, पण समितीवरच्या माणसाला अशी गोष्ट बाहेर बोलायची बंदी असते. आणि युर्गेन म्हणजे रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा माणूस. म्हणून बिचाऱ्याने जेवणभर हॉकी सांगितली... आणि मी आणखीच घाबरले.

बाहेर आल्यावर विचारलं, मुद्दाम सांगत होतास ना? "मी? मी तर हॉकीबद्दल बोलत होतो," म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

घरी आले आणि रडूच फुटलं. "अहो आई, माझी बदली झाली." सासरे वीज मंडळात होते, सासूबाईंनी दर तीन वर्षांनी संसार हलवलाय. "बदलीच ना? मग रडतेस काय!" म्हणाल्या आणि ईराला वरणभात भरवत राहिल्या.

भीती गेलेली नाही हं. तिकडचाही कोच कधीतरी बदलेलच... आणि आता दुसराच विचार डोक्यातून जात नाहीये. त्याच दिवशी झिंडेलफिंगेनलाही एक मीटिंग झाली असणार. आपल्याला का देऊन टाकलं, हे त्या माणसाला कोणी हॉकीतून तरी सांगितलं असेल का?

सोमवारी तो इथे येईल तेव्हा मी इथे नसेन. युर्गेनला सांगून ठेवलंय... त्याला जेवायला एकटं बसू देऊ नकोस.