केळव्यावरून वळले होते मी

'पावलं मोजायचं घड्याळ' हे शब्द आठवले की अजूनही माझे कान तापतात.

मी बोईसरला राहते. एका रासायनिक कारखान्यात मोजमापाची उपकरणं सांभाळते. दाब, तापमान, टाकीतली पातळी दाखवणारे काटे खरं बोलतात की नाही, ते तपासायचं हे माझं काम. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकले की जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो तिथे एका काट्यावर विसंबायचं नाही, शेजारी दुसरा लागतोच. फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकले तेव्हा ही सवय मी सोबत घेऊन गेले, इतकंच. खासगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यावर एक स्मार्टवॉच घेतलं. त्यात स्वतःची जागा, उंची, गेलेला रस्ता, सगळं दिसायचं. क्लबातले मुख्य प्रशिक्षक त्याच्याकडे बघून हसायचे. मी हसू द्यायचे.

त्या रविवारी हिवाळ्यातली सकाळ होती. क्लबाच्या दोन आसनी विमानातून मी एकटीच निघाले होते. किनाऱ्याने उत्तरेला केळव्यापर्यंत जायचं, तिथे समुद्राच्या अंगाने वळून परत यायचं. केळव्याच्या पुढे जायचं नव्हतं, कारण तारापूरच्या अणुवीज केंद्राभोवती विमानांना मनाई आहे. ही मनाई मला नकाशावरून शिकावी लागली नव्हती. माझे वडील साताऱ्याकडून त्या केंद्रातल्या नोकरीसाठी आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राबले. मी तिथल्या वसाहतीत वाढले.

केळव्याच्या अलीकडची खाडी मागे पडली असावी असं वाटत होतं तेव्हा समोरचा लाल दिवा लागला. विमानात वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद पडला होता. बॅटरीने थोडा वेळ तग धरला, मग रेडिओ खरखरला आणि गप्प झाला. नकाशाचा पडदा काळा पडला. इंजिन चालू होतं, त्याची ठिणगी या विजेवर अवलंबून नसते. होकायंत्र आणि उंचीचा काटाही चालू होते. पण खाली धुरकं असं दाटलं होतं की समुद्र कुठे संपतो आणि वाड्या कुठे सुरू होतात ते कळेना. होकायंत्र दिशा सांगतं, आपण कुठे आहोत ते सांगत नाही. केळवं आलं की मागे गेलं? फोन मागे पिशवीत होता आणि एकटीने विमान धरलेलं असताना मागे वळून पिशवी उचकायची नसते.

मी मनगटाकडे बघितलं. केळव्याच्या किनाऱ्याची मी आदल्या रात्रीच घड्याळात खूण करून ठेवली होती. बाण सरळ समोर होता, अंतर दोन किलोमीटर. मी श्वास सोडला. अंतर शून्याजवळ आलं तेव्हा धुरक्यातून सुरूच्या झाडांची रांग क्षणभर दिसली. डावीकडे वळले आणि बाणाच्या आधारानेच परत आले. धावपट्टीवर घिरट्या घातल्या, मनोऱ्यातून उतरायच्या परवानगीचा हिरवा दिवा दाखवला गेला. उतरताना वेग कमी करणारे पंखांचे फ्लॅपही विजेवर चालणारे, त्यामुळे त्यांच्याशिवायच जरा वेगात उतरले.

कुणीतरी 'बरी आहेस ना' असं विचारेल, अशी माझी भाबडी समजूत. परवाना मिळाल्यापासून मला 'मॅडम' म्हणणारे मुख्य प्रशिक्षक त्या दिवशी थेट 'तू'वर आले.

"अल्टरनेटरचा स्विच चालू केला नसशील."

"केला होता. आणि सर, गेल्याच आठवड्यात मी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, दिवा लुकलुकतोय म्हणून."

"ते तपासलं होतं. रेडिओ बंद होता तेवढा वेळ कुठे होतीस? तारापूरच्या बाजूला गेली होतीस ना?"

"नाही. केळव्यावरून वळले."

"धुरक्यात कसं कळलं?"

मी हात पुढे केला आणि घड्याळातला रस्ता दाखवला. त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही.

"हे पावलं मोजायचं घड्याळ आहे. बोईसरला घर आहे ना तुझं? घर बघायला गेली असशील."

समोर अहवाल ठेवला. वैमानिकाने स्विच सुरू केला नाही आणि दिशा चुकून मनाई क्षेत्राकडे गेली, असं त्यात लिहून तयार होतं. खाली सहीची जागा मोकळी. मी सही केली नाही.

घरी वडिलांना सांगितलं. ते आवाज चढवणारे नव्हेत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "घर बघायला? तो कुंपणाच्या आतला भाग आम्ही जन्मभर जपला. त्यावरून तू मजा म्हणून जाशील?" त्या संध्याकाळी ते जेवलेच नाहीत. याचा राग मला त्या अहवालापेक्षा जास्त आला.

सोमवारी कारखान्यात पॅकिंगमधली माझी मैत्रीण भेटली. ती केळव्याची. मी रविवारी वरून जाणार हे तिला ठाऊक होतं आणि मुलांना घेऊन ती किनाऱ्यावर थांबली होती.

"ताई, आमी पायलं ना तुमचं इमान! लाल साडी हलवली मी. सुरूच्या झाडांवरनं समुद्राकडं वळलं."

"लिहून देशील?"

"देते की. खरं हाय ते लिवायला कसली भीती?"

तिने वहीच्या कागदावर लिहून दिलं, खाली पूर्ण नाव घातलं. तो कागद मी क्लबात नेला. मुख्य प्रशिक्षकांनी तो दोन बोटांत धरला. "आता वाडीतल्या बायकांच्या चिठ्ठ्या आणणार का?"

त्या वाक्यानंतर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. घड्याळातला सगळा रस्ता वेळेसकट आणि उंचीसकट छापून काढला. रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडला. तक्रार विमान वाहतुकीच्या वरच्या कार्यालयात पाठवली. चौकशीला एक अधिकारी आले. कमी बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवणारे. त्यांनी आधी रजिस्टर मागितलं. माझ्या नोंदीपुढे 'तपासलं, ठीक' असं लिहिलेलं होतं. मग त्या दिवसापासून उभ्याच असलेल्या विमानाच्या इंजिनावरचं झाकण उघडायला लावलं. अल्टरनेटरची एक तार तुटलेली होती, आणि ती त्या दिवशी अचानक तुटलेली दिसत नव्हती.

"बाई, हे घड्याळ अधिकृत उपकरण नाही," ते मला म्हणाले.

"माहीत आहे, साहेब. उंचीत ते काट्यापेक्षा थोडं वेगळं दाखवतं, तेही लिहिलंय मी. पण सगळं बंद पडल्यावर चालू काय होतं?"

त्यांनी मान हलवली, रस्ता दोनदा बघितला, मैत्रिणीचा कागद वाचला आणि तो फाइलला लावायला सांगितला. अहवालातून माझ्या चुकीचं वाक्य काढलं गेलं.

माफी? नाही. महिन्याभरात क्लबात एक सूचना लागली: विमान चालवताना वैयक्तिक घड्याळं व इतर साधनं वापरू नयेत.

मी मुख्य प्रशिक्षकांकडे गेले. "सर, अल्टरनेटरबद्दल काय सूचना आहे?"

"ते काम झालंय."

"तपासलं, ठीक?"

मी त्याच दिवशी सदस्यत्व सोडलं. आता दुसऱ्या ठिकाणी उडते. तिथल्या प्रशिक्षकबाईंनी पहिल्याच दिवशी माझं मनगट बघून विचारलं, "चार्ज आहे ना पूर्ण?" इतका साधा प्रश्न विचारायला जुन्या क्लबातल्या त्या माणसाचं काय जात होतं, हे मला आजही कळत नाही.