डोक्याला हात लावण्याआधी

“बेटा, सिर को हाथ लगाऊं?” असं विचारून काकू थांबायच्या. होकार येईपर्यंत त्यांचे हात पदराशीच असत. समोर साठीतले शेठजी असोत की चार वर्षांचं पोर, हा प्रश्न कधी चुकला नाही.

फ्रीगंजमधल्या आमच्या दवाखान्यात त्या मेंदूचा आलेख काढायच्या. मी बाहेर नावं लिहून घ्यायची आणि गर्दी असली की आत त्यांच्या मदतीला जायची. तुमच्यापैकी कुणी असा आलेख काढून घेतला असेल तर ठाऊक असेल, केसांत तेल असलं की डोक्याला लावायच्या तारा चिकटत नाहीत. आमच्याकडे येणारी निम्मी डोकी तेलाने चपचपीत. मग काकू मोरीत स्टूल ठेवून स्वतः केस धुऊन द्यायच्या. मी म्हणायची, काकू, पार्लरच उघडा, दवाखान्यापेक्षा जास्त चालेल. उघडते, तुलाच झाडू मारायला ठेवते, असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

वस्तीतली किंवा वसतिगृहातली मुलं आली की मात्र ही थट्टा बंद व्हायची. पोरगं फार मारकुटं आहे, याचं डोकं तपासा, असं सांगून कुणीतरी त्यांना आणून बसवायचं. काकू वैतागायच्या. “अगं, मशीन मिरगी दाखवते, गुस्सा नाही दाखवत,” असं मला म्हणायच्या, जणू मीच त्यांना घेऊन आले होते. जो लहानपणापासून मारच खात आला, त्याच्या मेंदूत भीती आधी उठते आणि विचार मागून येतो, या वयात तर फारच मागून. वर आलेला प्रत्येक हात त्याला थपडेचाच वाटतो. हे त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पण दवाखान्यात ते पाळायच्या एकट्या काकू.

श्रावणातला सवारीचा सोमवार होता, देवाची पालखी शहरातून निघायची होती. रस्ते बंद व्हायच्या आत सगळ्यांना घर गाठायचं होतं. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका पंधरा वर्षांच्या एका मुलीला घेऊन आल्या. तिने जेवणाच्या रांगेत दुसरीला थाळी फेकून मारली होती. अहवालात काही वावगं निघालं तर तिला गावी बापाकडे धाडणार होते. तिच्या मानेवरचे जुने वळ त्या बापाचेच होते, हे काकूंना केस धुताना कळलं.

काकू तारा आणायला वळल्या आणि मला घाई सुटली. तारांच्या जागा मोजायची पट्टी घेऊन मी मागून गेले आणि सरळ तिच्या डोक्याला लावली. तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फुटला. मारून ती स्वतःच डोक्यावर हात धरून भिंतीला चिकटली. दारातून अधीक्षिका म्हणाल्या, “देख लिया आपने?”

तासाभराने ती शांत झाल्यावर काढलेला आलेख साफ निघाला. पण तपासणीच्या वेळी हल्ला केला, एवढी एक ओळ तिला गावी पाठवायला पुरेशी होती. डॉक्टरांनी मला विचारलं, काय झालं? मला नोकरीला लागून तीनच महिने झाले होते आणि घरात कमावणारी मी एकटी. मी सांगितलं, तिने अचानक मारलं.

काकूंनी वळताना सगळं पाहिलं होतं. निघताना एवढंच म्हणाल्या, “रिपोर्ट उद्या जाईल. सकाळपर्यंत सोच.”

मी विचार केला, नक्कीही केलं. सकाळी डॉक्टरांसमोर उभी राहिले आणि नुसती नावांची वही पुढे केली. मग काकूच बोलल्या.

“सर, पीछे से हाथ लगाया, पूछा नहीं. बच्ची डर गई. कमरा मेरा है, तो गलती भी मेरी.”

इतक्या वर्षांनी तुमच्याकडून असं कसं झालं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना सर्वांदेखत सुनावलं. अहवालात मात्र काकू म्हणाल्या तसंच लिहिलं. मुलगी वसतिगृहात राहिली. दुपारी काकू ऑटो करून कुठेतरी जाऊन आल्या. कुठे गेला होता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या मला झापतील म्हणून मी दिवसभर धास्तावले होते. त्यांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली, आणि ते मला झापण्यापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर रोज ठरवायची, आज डॉक्टरांना खरं सांगते. रोज काहीतरी आडवं यायचं, निदान मी तसं म्हणायची. वर्षभराने काकू हृदयविकाराने गेल्या.

तेराव्याला माधव नगरमधल्या त्यांच्या घरी ती मुलगी आली होती. फोटोला फूल वाहून वळली तर समोर मी. मी जवळ गेले. “उस दिन…” एवढंच तोंडातून निघालं.

“रहने दो, दीदी,” ती म्हणाली. “मैडम दूसरे ही दिन हॉस्टल आई थीं. आपकी वाली माफी भी वही मांग गईं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. चपला घालून ती जिना उतरली.