बंबभाऊंची टपालाची पदवी

आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या चपला दारात जशा काढल्या तशा पडलेल्या असायच्या. एकट्या बंबभाऊंच्या दाराशी मात्र त्या जिन्याकडे तोंड करून उभ्या असत. त्यांच्या, वहिनींच्या, दोन्ही मुलींच्या, आणि पाहुणा आलाच तर त्याच्यासुद्धा. लग्न होऊन मी डोंबिवलीत नवी आले तेव्हा त्यांच्याकडे चहा पिऊन उठले, तर माझ्या चपला कुणीतरी वळवून ठेवलेल्या. "लवकर जा म्हणून सुचवताय का?" असं मी विचारलंच, कारण मनात ठेवायची मला सवय नाही. बंबभाऊ हसले. म्हणाले, "बाई, आमच्यात बूट असेच ठेवतात. घंटा झाली का पाय घालायचा नि सुटायचं. वलवत बसलं तर तवर घर जलून जातं."

त्यांचं खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर होतं. अग्निशमन दलात होते म्हणून साऱ्या बिल्डिंगचे ते बंबभाऊ. खाडीकाठच्या कोळीवाड्यात वाढलेला माणूस. आवाज होडीतून होडीला हाक मारायला घडवलेला. जिन्यात खालच्या मजल्यावर ते कुणाची विचारपूस करू लागले की वर आमच्या स्वयंपाकघरात ती चौकशी पोचायची. वागणं मात्र अतिशय हळुवार. कुणाच्या दारावर कधी थाप मारायचे नाहीत, बोटाच्या पेरानं टकटक करायचे.

"आधी दार बघायचं, मग बसायचं," हा त्यांचा नेम. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की लोक नवरानवरीकडे बघायचे आणि हे मागचं दार कुठे आहे ते बघायचे. दाराला कुलूप असेल तर किल्ली येईपर्यंत जेवायला बसायचे नाहीत. आमचे हे आपली सायकल वर आणून आमच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी लावून ठेवत. बंबभाऊ रोज ती निमूटपणे उचलून खाली नेऊन ठेवायचे. ह्यांनी आठवडाभर वर आणली, त्यांनी आठवडाभर खाली नेली. शेवटी कंटाळले ते हेच.

एकदा माझा स्टोव्ह भडकला. मी घाबरून पाण्याच्या बादलीकडे धावले, तेवढ्यात बंबभाऊ आले, बादली माझ्या हातातून काढून घेतली, तिच्यात पोतं बुडवलं, पिळलं आणि स्टोव्हवर पांघरूण घालावं तसं शांतपणे घातलं. मग म्हणाले, "घाई करावी बाई, धावपल करू नये." आणि जाता जाता, "चा झाला व्हता का?" चहा झाला नव्हता. तो वहिनींनी पाठवला.

तर अशा माणसाला चाळिशी उलटल्यावर पदवी घ्यायची होती. अग्निशमन आणि आपत्कालीन सेवांचं व्यवस्थापन, असं तिचं लांबलचक नाव. आज मुलं असली पदवी घरात संगणकावर घेतात. तेव्हा ती टपालानं यायची. पोस्टमन जाडजूड पाकीट घेऊन जिना चढला की खालपासून वरपर्यंत सगळे सांगायचे, "भाऊंचं कॉलेज आलं." ही पदवी असली तर भाऊ अधिकारी होणार होते, नसली तर पाइप धरूनच निवृत्त.

पण खरी तळमळ वहिनींची होती. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात आग लागली तेव्हा भाऊंच्या दलातल्या जोडीदाराची पाठ भाजून निघाली होती, आणि त्याच्या पुढे दोन पावलांवर भाऊ होते. त्यानंतर वहिनींना झोप लागेना. त्या माझ्याकडे सुरमईची आमटी घेऊन आल्या, आणि मी शाकाहारी आहे हे आठवून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुमी शालंत इंग्लिश शिकवता ना? ह्याना शिकवा. सायेब झाले म्हंजे आगीत सगल्यांच्या आधी जायला नको. येवढाच माझा सवारथ." अशा स्वार्थाला नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती.

मग संध्याकाळी आमच्या गॅलरीत शाळा भरू लागली. एमआयडीसीकडून वारा सुटला की उग्र वास यायचा आणि भाऊ नाक वर करून कुठल्या कारखान्यात काय शिजतंय ते सांगायचे. मी म्हणायची, "पुस्तकात बघा." विद्यार्थी कष्टाळू होता, पण उत्तर लांबवणं त्यांना जमायचंच नाही. 'आगीच्या जागी अधिकाऱ्याची कर्तव्ये सविस्तर लिहा' या प्रश्नाला त्यांनी इंग्रजीत एकच ओळ लिहिली. अर्थ असा, की सगळ्यांच्या आधी आत जाणे.

"भाऊ, याला पानभर लिहायचं असतं. आणि पुस्तकात नेमकं उलटं दिलंय. अधिकाऱ्यानं बाहेर थांबायचं, सगळं बघायचं, माणसं पाठवायची."

"पुस्तक लिवनाऱ्याला भ्या वाटत असंल," भाऊ म्हणाले. मी लाल पेन्सिलीनं ओळ खोडली. त्यांनी ती पुन्हा लिहिली.

बाकीचे विषय सुटत गेले, हाच एक अडला. पहिल्यांदा परीक्षेच्या सकाळी कुठेतरी आग लागली. भाऊंची रजा होती, तरी ते गेले आणि पेपर बुडाला. दुसऱ्यांदा पेपरला बसले, पण परीक्षेची शाळा नेमकी बंबाच्या रस्त्यावर. घणघण करत बंब गेला, आणि भाऊ अर्धा पेपर बाकावर टाकून त्याच्या मागे पळाले. पर्यवेक्षकाला वाटलं, माणसाचं पोट बिघडलं. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही. आता नियमाप्रमाणे एकच संधी उरली होती.

तिसऱ्या खेपेला वहिनींनी शक्कल काढली. अनवाणी माणसानं आगीवर जायचं नाही, हा दलाचा नियम आणि भाऊंचा धर्म. म्हणून परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी, मीही सोबत असताना, वहिनींनी पिशवी पुढे केली. "सँडल काडा. पेपर सुटंपर्यंत मी हितंच बसतंय." सगळे परीक्षार्थी बघत होते. भाऊंनी मुकाट्यानं सँडल काढून पिशवीत टाकले, फाटकातून आत गेले आणि परत आले.

"दे इकडं," ते म्हणाले. "पायात असू दे. मी बसतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, का ते मला आजही सांगता येणार नाही. भाऊ सँडल घालून आत गेले.

आम्ही दोघी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. पेपर निम्मा झाला असेल, आणि लांबून घणघण ऐकू आली. बंब आमच्या पुढ्यातून गेला. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांनी वहिनींना ओळखून हातही हलवला. वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांची नजर शाळेच्या दारावर. मी म्हटलं, आता येणार हा माणूस. घंटेचा आवाज विरून गेला तरी दारात कुणी आलं नाही. वहिनी मटकन खाली बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "आले नाय गं," त्या म्हणाल्या. एवढा आटापिटा जिच्यासाठी केला ती गोष्ट घडली, आणि बाईला ती सोसेना. मलाही सोसली नाही.

भाऊ सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. "कंच्या बाजूला गेला बंब?" एवढंच विचारलं आणि तडक अग्निशमन केंद्रावर गेले. तिथे मंडळी परत येऊन चहा पीत बसली होती. गादीच्या दुकानातली बारकीशी आग, विझवून झाली होती. "भाऊ, पेपर कसा गेला?" असं वर त्यांनाच विचारलं. संध्याकाळी आमच्या गॅलरीत भाऊ येऊन बसले. मग म्हणाले, "बाई, माझ्याबिगर इझली." त्यांच्या आवाजात दुःख होतं की समाधान, ते मला ओळखता आलं नाही. दोन्ही असावं.

ते पास झाले. वहिनींनी अख्ख्या बिल्डिंगला नारळाच्या वड्या वाटल्या आणि मला गजरा आणला. भाऊ अधिकारी झाले. कडक इस्त्रीच्या गणवेशात ते मला परके वाटायचे, चपला मात्र तशाच जिन्याकडे तोंड करून असायच्या.

अधिकारी म्हणून त्यांना मी एकदाच पाहिलं. आमच्या शाळेमागच्या कारखान्यात आग लागली, म्हणून मुलांना घरी पाठवून मी रस्त्यावर थांबले होते. भाऊ फाटकाबाहेर, हात पाठीमागे बांधून उभे. एकेकाला नावानं हाक मारून आत पाठवत होते, नावानं बाहेर बोलावत होते. होडीतला तो आवाज तिथे कामाला आला. एक तरणाबांड जवान पिंपांच्या शेडकडे निघाला, तर भाऊंनी त्याचा पट्टा मागून धरला. तो विनवत होता, "साहेब, जाऊ द्या, लगेच येतो." भाऊंनी सोडला नाही. तेवढ्यात आतली पिंपं फुटली आणि शेडचं छप्पर खाली बसलं. भाऊंनी पट्टा तरीही सोडला नव्हता. त्यांची बोटं दुसऱ्या कुणीतरी सोडवली.

नंतर मी त्या लाल पेन्सिलीची आठवण काढली. भाऊ म्हणाले, "आत जायला पदवी लागत नाय, बाई. भायेर उभं ऱ्हायला लागते."

निवृत्तीनंतर ते शहाडला धाकट्या लेकीजवळ राहायला गेले. नदीचा वारा चांगला, म्हणायचे. छातीत आयुष्यभराचा धूर साठला होता, तो मात्र कुठल्याच वाऱ्यानं गेला नाही. ते गेल्याचं कळल्यावर मी शहाडला पोचले, तेव्हा दाराबाहेर माणसांच्या चपलांचा ढीग होता, कशाही पडलेल्या. भिंतीलगत भाऊंचे सँडल तेवढे नीट ठेवलेले, जिन्याकडे तोंड करून.

वहिनी मला बघून रडल्या नाहीत. जवळ बसवून घेतलं आणि माझी नजर कुठे आहे ते पाहून हळूच म्हणाल्या, "इस्पितलातून आनले ना, तवा बोलले, सँडल आत वलव. आता घंटा झाली तरी उठायचं नाय."

"मग?"

"मी नाय वलवले," वहिनी म्हणाल्या. "येकदा बसवला व्हता मी त्याना. परत नाय बसवनार."