हवालदार शमुवेलचा शेवटचा हुकूम

हैदराबादची पोलीस ॲक्शन संपून काही आठवडे झाले होते. तेव्हा आमचं सेक्शन हिंगोलीला आलं. हिंगोली त्या काळी परभणी जिल्ह्यात होती. मी इंजिनिअर्समध्ये नाईक होतो. आम्ही एकूण अकरा जण. स्टेशनजवळच्या एका बंद जिनिंगच्या आवारात आमचे तंबू होते. काम ठरलेलं होतं. तुटलेले पूल गाड्या जातील इतपत दुरुस्त करायचे, रस्त्यावरचे अडथळे काढायचे, आणि ओस पडलेल्या घरांत किंवा विहिरींत दारूगोळा सापडला तर तो नष्ट करायचा. साडेपाचला उठायचं, सहाला पीटी, सातला फॉल इन. साडेसातला ट्रक निघायचा.

सेक्शन हवालदार शमुवेलच्या हाताखाली होतं. तो कुरुंद्याचा. माझं गाव तिथून दोन कोसांवर. दोघांच्याही आजोबांच्या काळापासून आमची घरं ख्रिस्ती. ड्यूटीवर मी त्याला हवालदारसाहेब म्हणायचो, बाकी वेळी शमूदादा. महायुद्धात ब्रह्मदेशात आम्ही एकाच कंपनीत होतो. नदीवर पूल टाकताना त्याला कधी आवाज चढवावा लागला नाही.

त्या महिन्यात त्याची मुदत संपत होती. कॅप्टनसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, थांबलास तर वरची रँक मिळेल, जमादार होशील. शमूदादा नाही म्हणून परत आला. मला राग आला.

"काहून न्हाई म्हणलं?" मी विचारलं. "रँक आपसूक चालून येऊन राहिली."

"गावातले पाळक वारले," तो म्हणाला. "आपली बारा घरं हायत. पोराबाळांना शिकवायला कोणी न्हाई, मयत झाली तर प्रार्थना करायला कोणी न्हाई. मी जातो म्हणून कबूल केलं."

"पगार?"

"ज्वारी देतील."

"अन् तुझ्या लेकरांचं काय?"

"त्यांनाबी ज्वारीच लागती, दाविद."

एवढं बोलून तो बूट पुसायला बसला. मी मनात म्हटलं, हा माणूस वेडा आहे. मी स्वतः प्रार्थनेला बसायचो, पण डोळे मिटून दुसराच विचार करायचो. मला घर बांधायचं होतं. दारात सायकल हवी होती. मी गेलो की गावानं वळून पाहावं असं वाटायचं.

एका सोमवारी कायाधू नदीच्या बाजूच्या वस्तीतून खबर आली. एका शिंप्याच्या विधवेचं घर होतं. गडबडीच्या दिवसांत ती सासूला घेऊन नातलगांकडे निघून गेली होती. तिच्या मागच्या खोलीत कुणीतरी पेट्या आणून ठेवल्या होत्या. आम्ही दार उघडलं. चार पेट्यांत गावठी बॉम्ब आणि ओलसर झालेली दारू. कुणी ठेवल्या, कशासाठी ठेवल्या, हे शोधणं आमचं काम नव्हतं. पेट्या भिंतीलगतच्या एका जुन्या फळीवर होत्या. फळीचं एक टोक खुंटीवर होतं. दुसरं टोक खाली टेबलावर ठेवलेल्या शिलाई मशीनवर टेकलं होतं.

मशीन हाताची होती. काळी, सोनेरी वेलबुट्टीची. आमच्या गावात कुणाकडेही मशीन नव्हती. माझी बायको मार्था दिव्याशी डोळे फोडून हातानं शिवायची. मी मशीनवर हात फिरवला. शमूदादानं ते पाहिलं.

"हे घर रहिमाबीचं हाय," तो म्हणाला. "ती परत येणार हाय. सुईला सुदिक हात लावू नका. अन् ती फळी त्या मशीनवर हाय. समदं मीच काढतो. कोणी मधात येऊ नका."

"यस, हवालदारसाहेब," मीच सगळ्यांत आधी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आठला काम सुरू झालं. आजूबाजूची घरं रिकामी केली. नदीकाठी खड्डा खणलेला होता. शमूदादा एकेक बॉम्ब दोन्ही हातांत धरून अंगणात आणायचा, आम्ही वाळू भरलेल्या टोपलीतून खड्ड्यापर्यंत न्यायचो. साडेनऊपर्यंत दोन पेट्या रिकाम्या झाल्या. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं पंधरा मिनिटांचा ब्रेक दिला. सगळे रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली चहाला गेले.

मी मागे राहिलो. का, ते सरळ सांगतो. मला वाटलं, बाई कधी येते कुणास ठाऊक. आज संध्याकाळी दुसरं कुणी नेईल. मग मीच का नेऊ नये? ट्रकमध्ये माझ्या बिस्तऱ्याखाली जागा होती. ती मी सकाळीच करून ठेवली होती.

नऊ-चाळीसला मी खोलीत शिरलो. फळी एका हातानं उचलून धरली आणि दुसऱ्या हातानं मशीन ओढली. मशीन सुटली. फळी मात्र हातात राहिली नाही. ती तिरकी झाली आणि वरच्या पेट्या सरकायला लागल्या.

"दाविद!"

शमूदादा दारात होता. चहाला मी दिसलो नाही म्हणून तो पाहायला आला होता. दोन ढांगांत तो आत आला आणि फळीखाली खांदा लावला. पेट्या थांबल्या. तो वाकलेला होता, मान एका बाजूला दबलेली.

"दादा, मी बी धरतो."

"हात लावू नको. हलंल. बाहेर जा."

"दादा..."

"नाईक दाविद, बाहेर. हुकूम हाय. समद्यांना पडायला सांग."

मी पळालो. अंगण ओलांडलं, फाटक ओलांडलं, "लाय डाऊन" म्हणून ओरडलो. त्याच क्षणी मागून कुणीतरी मला उचलून फेकल्यासारखं झालं. आवाज मला आठवत नाही. तोंडात माती आठवते. लिंबाचा पाला आमच्यावर हिरवाच्या हिरवा पडत होता.

एक जवान रांगत माझ्याजवळ आला. त्याचे ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. तो माझ्या छातीकडे बोट दाखवत होता. मी खाली पाहिलं.

मशीन माझ्या दोन्ही हातांत होती.

मी ती सोडलीच नव्हती. फळी धरतो म्हणून त्याला म्हणालो, तेव्हाही ती माझ्या काखेत होती. तो मरणाखाली वाकून उभा होता, आणि मी मशीन घेऊन पळालो होतो. जवानानं माझी बोटं एकेक करून उघडली. मला ती उघडता येत नव्हती.

शमूदादाला आम्ही त्याच संध्याकाळी हिंगोलीच्या ख्रिस्ती कब्रस्तानात पुरलं. सेक्शननं सलामी दिली. मी रायफल धरून उभा होतो, पण समोर काय चाललंय ते मला समजत नव्हतं.

चौकशी गुरुवारी होती. तोवर सेक्शनमध्ये एक गोष्ट आपोआप तयार झाली होती: फळी खचली, हवालदारानं नाईकाला बाहेर ढकललं, नाईकानं जाताजाता बाईची मशीन वाचवली. कॅप्टनसाहेबांनी माझी पाठ थोपटली होती. हवालदाराच्या जागेसाठी आता माझा विचार होईल, असंही कुणी म्हणालं. दोन दिवस मी ती गोष्ट तशीच चालू दिली.

गुरुवारी दहा वाजता मी टेबलासमोर उभा राहिलो.

"फळी अपनेआप गिरी?" साहेबांनी विचारलं.

"नो सर. मैंने गिराई. मशीन चुराने गया था."

लिहिणाऱ्या क्लार्कचा टाक थांबला.

"फिर से बोलो."

मी पुन्हा बोललो. तेच शब्द. या वेळी क्लार्कनं ते लिहून घेतलं.

माझी नाईकाची फीत गेली, अठ्ठावीस दिवस कोठडी झाली, पुढे नोकरीही गेली. तकलीफ झाली, खोटं कशाला बोलू? घर बांधायचं राहिलं ते राहिलंच. रहिमाबी परत आली तेव्हा मी कोठडीत होतो. मशीन तिला सेक्शननं दिली. तिच्या घराची मागची भिंत आमच्याच जवानांनी बांधून दिली.

सुटल्यावर मी घरी गेलो नाही. आधी कुरुंद्याला गेलो. शमूदादाची बायको रिबेका अंगणात ज्वारीचं वाळवण राखत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मशीन, फळी, हुकूम, चौकशी. काही वगळलं नाही. ती खालीच बघत होती. हातातली काठी तिनं बाजूला ठेवली.

"ते ओरडले का?" तिनं विचारलं.

"न्हाई, वहिनी."

"तुमी आले नसते तर ते कसे गेले ते मला कळलंच नसतं."

मी म्हणालो, येतो आता. ती उठली, आत गेली. मला वाटलं, दार लावून घेईल. तिनं आतून विचारलं, "जेवले का तुमी?"

तिनं चटई टाकली. भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. तिची दोन लेकरं समोर येऊन बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. रिबेकानं डोळे मिटले. जेवणाआधीची प्रार्थना शमूदादा करायचा, त्या दिवशी ती तिनं केली. तिनं आधी त्याचं नाव घेतलं. मग माझं घेतलं.