फौजदाराचे देवपण

दिनांक ७ सप्टेंबर २०२४, शनिवार, गणेश चतुर्थी. चेन्नईतील अंबत्तूर येथील एका चारमजली गृहसंकुलात, फाटकालगतच्या पिळ्ळैयारच्या देवळीसमोर, तळमजल्यावरील रहिवासी श्रीमती विद्युलता खांबेटे यांच्या फौजदार नावाच्या कुत्र्यास सायंकाळच्या आरतीनंतर कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून देव करण्यात आले. मालकिणीची संमती घेण्यात आली नाही. कुत्र्याची तर नाहीच नाही. सबब निषेध.

निषेध हा विद्युलताबाईंचा स्वभाव होता आणि पोटापाण्याचा व्यवसायही. मिरजेच्या या बाई पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन चेन्नईजवळच्या आवडी या गावातील संरक्षण कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून लागल्या, त्याला पाव शतक उलटून गेले होते. केसभर फरक निघाला तरी सुटा भाग बाजूला काढायचा, त्यावर लाल खूण करायची आणि ज्याने तो घडवला त्याच्या तोंडाकडे पाहायचे नाही, ही त्यांची रीत. घरीही तीच नजर चाले. त्यांचे पती गिरिधरराव बँकेत होते. सहकाऱ्यांनी "घरी कसं काय?" असे विचारले की ते सांगत, "अजून बाद झालेलो नाही. फेरतपासणीत आहे."

या घरात कोणत्याही दोषाविना टिकलेला एकच जीव होता. फौजदार हा बीगल जातीचा कुत्रा. कान लोंबते, डोळे काजळ घातल्यासारखे आणि नाक असे की घरात येणाऱ्या प्रत्येक पिशवीची झडती घेतल्याशिवाय तो ती स्वयंपाकघरात जाऊ देत नसे. त्यावरूनच त्याचे नाव पडले. शेजाऱ्यांच्या तमिळ जिभेवर ते 'पौसतार' झाले. बाई कारखान्यातून आल्या की तो त्यांचीही पिशवी तपासे आणि त्या निमूटपणे उघडून दाखवीत. दुसऱ्या कोणाच्या तपासणीला त्या आयुष्यात सामोऱ्या गेल्या नव्हत्या.

फौजदाराला सातवे वर्ष लागले आणि त्याची मान हलू लागली.

पिळ्ळैयार म्हणजे आपला गणपती. तमिळ मुलखात तो फाटकाशी, झाडाखाली, वळणावर, जागा मिळेल तिथे बसतो आणि गाजावाजा करीत नाही. गाजावाजा भक्त करतात. या देवळीत विजेवर चालणारा नगारा होता. बटण दाबले की दोन ढोल, एक झांज आणि एक घंटा एकमेकांवर तुटून पडत. खांबेट्यांची खिडकी नेमकी समोर. एका संध्याकाळी बाईंसोबत फिरून परतताना फौजदार तिथे थांबला, घंटा कडाडली आणि त्याची मान झटक्याने हलली. कापराची ज्योत फडफडली, तशी पुन्हा हलली. मग पुढचे पाय दुमडले आणि हनुवटी जमिनीला टेकली.

आरतीच्या गर्दीच्या पुढे भवानीअक्का उभ्या होत्या. संकुलाचे चिटणीस व्यासराज हे त्यांचे यजमान. पण चिटणीसपणा चाले तो अक्कांच्या शब्दाने. त्यांचे घराणे तंजावरचे, तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून आलेले. त्यांची मराठी जुन्या पैठणीसारखी होती: पदर अस्सल, मधून मधून तमिळची वेलबुट्टी. एका हळदीकुंकवात विद्युलताबाईंनी ती मराठी सर्वांसमक्ष सुधारली होती. अक्का तेव्हा नुसत्या हसल्या होत्या. तंजावरी बाई नुसती हसली की हिशेब उघडला असे समजावे.

"पाहिलेंस गो?" अक्कांनी हात जोडले. "घंटा वाजतांच मान डोलवितो. कापूर दिसतांच साष्टांग घालतो. सामी आलें त्याच्या अंगांत!"

"अक्का, त्याला काहीतरी होतंय."

"तेंच तर म्हणतें मी. भैरवाचें वाहन तें. त्याला होणार नाहीं तर काय तुला होणार?"

ते गणेश चतुर्थीच्या आठवडाभर आधी. चतुर्थीला माळ पडली, फौजदाराचे 'स्वामी' झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तळमजल्याच्या उंबरठ्यावर केळीच्या पानात चक्करै पोंगल येऊ लागला: गुळातला, तुपाने थबथबलेला गोड भात. फौजदाराला देवपणाचा हा भाग पूर्णपणे मान्य होता.

भवानीअक्कांची भाची नित्या ही जनावरांची डॉक्टर. तिचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. मराठी तिला समजे सगळी, बोलताना मात्र ती चप्पल हातात घेऊन ओढा ओलांडावा तशी एकेक दगड शोधत येई. बाईंनी फोनवर टिपलेले चित्रण तिने तीनदा पाहिले. मग फौजदाराच्या कानामागे हळूच टाळी वाजवली. मान हलली.

"काकू, हे भक्ती नाही. झटके आहेत," नित्या म्हणाली. "बीगलमध्ये एक आजार येतो. लाफोरा नाव. रक्त पाठवून जीन तपासू. तोपर्यंत मी काही बोलणार नाही."

रक्त बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेले आणि ऑक्टोबरात निकाल आला. नित्याने तो वाचून दाखवण्याआधी फौजदाराला मांडीवर घेतले, तेव्हाच बाईंना तो कळला.

"एका जीनच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. याच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत."

"पण ते दोघे तर धडधाकट होते. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं."

"खरंच सांगितलं त्याने. त्यांच्यात एकेकच बिघडलेली असणार. एक असली तर काही होत नाही, दिसतही नाही. तसले दोघे जुळवले की एखाद्या पिल्लाला दोन्ही मिळतात. मग पेशींमध्ये नको ती साखर साचत जाते, मेंदूतसुद्धा."

"औषध?"

"बरं करणारं नाही. हळू करता येतं. अचानक आवाज नको. लुकलुकता उजेड नको. गोड आणि पिठूळ खाणं नको."

"म्हणजे घंटा, कापूर आणि पोंगल."

नित्याने डोळे मिटून घेतले. "अय्यो. आमच्या पेरियम्माने, मोठ्या मावशीने, ठरवून केलं असतं तरी इतकं बरोबर जमलं नसतं."

विद्युलताबाईंनी विकणाऱ्याला दूरध्वनी केला. जुळवण्याआधी आईबापांची तपासणी का केली नाही, असा सरळ प्रश्न विचारला. "मॅडम, बघूनच कळतं की!" तो म्हणाला. बघून कळत नाही म्हणूनच तपासनीस लागतो, हे त्याला सांगण्यापूर्वी त्याने फोन ठेवला होता. त्या संध्याकाळी बाई कारखान्याच्या कपड्यांतच फरशीवर बसून राहिल्या. आयुष्यभर त्यांनी दोष दिसला की वस्तू बाजूला सारली होती. ही वस्तू त्यांच्या मांडीवर डोके ठेवून घोरत होती आणि दोष तिच्या प्रत्येक पेशीत होता. लाल खूण कुठे करणार? आता उरले होते ते इतकेच, की त्याची उरलेली वर्षे शांततेत जावीत. म्हणजे नगारा थांबला पाहिजे.

त्यांनी संकुलाची सभा बोलावली. सुशिक्षित माणसाचा एक भाबडा समज असतो की पुरावा समोर ठेवला की लोक गप्प बसतात. बाईंनी अहवाल मोठ्याने वाचला, तमिळमध्ये समजावला, मराठीत पुन्हा समजावला. व्यासराज माना डोलावत राहिले. त्यांना मात्र कोणी देव केले नाही. भवानीअक्का एकाग्रतेने ऐकत होत्या.

"थांब गो. एक आईकडून आलें?"

"हो."

"आणि एक बापाकडून?"

"हो, अक्का. तेच तर सांगतेय!"

"दोन्हीं मिळालीं तरच हें दिसतें? एरवीं आंत असून दिसत नाहीं?"

"अगदी बरोबर." बाईंना वाटले, आपण जिंकलो.

अक्का सभेकडे वळल्या. "ऐकिलेंत? मातृकुळांतून अंश, पितृकुळांतून अंश. दोहींचा संगम झाला तेव्हांच प्रगट झालें. हें अर्धें देवपण नव्हे. पूर्ण आहे. आमच्या नित्यानें मशीनींत घालून तपासिलेंय!"

दुसऱ्या दिवशी अहवालाची प्रत लॅमिनेट होऊन पिळ्ळैयारच्या शेजारी लटकली. तिला हळदीकुंकू लावले होते. विज्ञानाच्या कागदाला इतका मान याआधी त्या संकुलात मिळाला नव्हता.

"आता तक्रार कशाची?" गिरिधरराव म्हणाले. "लोक अहवाल मानत नाहीत म्हणत होतीस. मानायला लागले."

"तुम्ही पोंगल खाताय."

"त्याला मनाई आहे. देवाचं पान परत पाठवणं बरं दिसत नाही. कोणीतरी त्याग करायला हवा."

त्यागाचे परिणाम त्यांच्या पट्ट्याच्या भोकांवर दिसत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या कमलिनीने स्वामींचे एखादे पिल्लू प्रसाद म्हणून मागितले, तेव्हा मात्र ते बायकोच्या मदतीला धावले. "स्वामींनी लहानपणीच संन्यास घेतला," ते गंभीरपणे म्हणाले. "डॉक्टरांकडून." बाईंनी त्या दिवसापुरते त्यांना फेरतपासणीतून मुक्त केले.

लुकलुकत्या उजेडापासून बचाव म्हणून नित्याने कुत्र्यांसाठी मिळणारा काळा चष्मा आणून दिला. ही चूक होती. ज्या प्रांतात काळा चष्मा घातलेल्या नेत्यांच्या चेहऱ्यापुढे माणसे पिढ्यान्पिढ्या माना लववीत आली, तिथे तो बीगलच्या नाकावर चढवणे म्हणजे आगीत तूपच. आठवड्याच्या आत फाटकावर पुरुषभर उंचीचा फ्लेक्स लागला: काळ्या चष्म्यातला फौजदार, मागे तेजोवलय, आणि खालच्या कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून व्यासराजांचा हात जोडलेला फोटो.

नोव्हेंबरात भैरवाष्टमी आली. एका नगाऱ्याने भागणार नाही म्हणून दुसरा भाड्याने आणला होता. विद्युलताबाईंनी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, फटींत चादरी कोंबल्या, फौजदाराला आतल्या खोलीत घेऊन त्याचे कान हातांनी झाकून बसल्या. दोन्ही नगारे एकदम सुटले. भिंत थरथरली. हातांखाली फौजदाराचे डोके उसळले, मग खांदे, मग चारही पाय ताठ झाले. तो आडवा पडून झटके देऊ लागला आणि चष्मा पलंगाखाली घरंगळला. गिरिधररावांनी नित्याने दिलेले औषध पिचकारीत भरायला घेतले. बाई उठल्या.

त्या अनवाणी बाहेर आल्या, गर्दी कापत गेल्या आणि दोन्ही नगाऱ्यांच्या तारा भिंतीतून उपटल्या.

शांतता पडली. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. बाईंच्या जिभेवर अहवाल होता, जीन होती, साखर होती. पण ते सारे शेजारच्या भिंतीवर हळदीकुंकू लावून आधीच लटकत होते. पंचवीस वर्षांत एकही खोटा शेरा न मारलेल्या या बाईने मान वर केली आणि खणखणीत आवाजात सांगितले:

"स्वामींनी मौनव्रत घेतलं आहे. आजपासून इथे आवाज चालणार नाही."

भवानीअक्कांनी डोळे बारीक केले. "तुला कोणीं सांगितलें?"

"स्वप्नात आले."

"तुझ्या स्वप्नांत? तूं तर मानीत नाहींस."

"म्हणूनच आले असतील. समज द्यायला."

"कुठल्या भाषेंत बोलिले?"

हाच तो क्षण. बाईंनी हात जोडले. "तुमच्या, अक्का. तंजावरी मराठीत. मला अर्धं कळलंच नाही, इतकी शुद्ध होती."

बाई खोटे बोलताहेत हे अक्कांना कळले की नाही, हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही. हळदीकुंकवातला हिशेब मात्र त्यांच्या चेहऱ्यावर फिटताना दिसला. मग त्यांनी स्वतःच्या पदराने घंटेची जीभ बांधली आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्या गर्दीला दटावले, "श्श!"

आत फौजदाराचे झटके ओसरले होते. तो थकून गिरिधररावांच्या पायावर पडला होता आणि त्यांच्या खिशातल्या काजूचा वास घेत होता.

तेव्हापासून त्या फाटकाशी नगारा वाजलेला नाही. गुळाऐवजी उकडलेली अंडी येतात. तोही स्वामींचा आदेश. पण मौनी स्वामींची कीर्ती बोलक्या स्वामींपेक्षा वेगाने पसरते. आता टी. नगरच्या बाजारातून साड्यांच्या पिशव्या घेऊन बायका थेट इकडे येतात, सिरुसेरीच्या संगणक कंपन्यांतून गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली पोरे येतात, आणि प्रत्येक जण खिडकीच्या गजांतून हात घालून फोटो काढतो. फ्लॅश उडतो. फौजदाराची मान हलते. "होकार दिला!" असे कोणीतरी कुजबुजते आणि दुसरा फ्लॅश उडतो. भवानीअक्का काठी घेऊन दाराशी बसतात, पण किती जणांना हाकलणार? खऱ्याने कोणी थांबत नाही. खोट्याने थांबले, तर ते रांगेत उभे राहून थांबले. पुढचे खोटे विद्युलताबाईंना सुचत नाही, सराव नाही.

म्हणून वाचकांकडे मागणी आहे, आणि ती स्पष्ट आहे. अंबत्तूरला येऊ नका. आलाच असाल तर फोन खिशात ठेवा, टाळी वाजवू नका, गजांतून हात घालू नका, गोड काही आणू नका. आणि बीगलचे पिल्लू घेणार असाल, तर त्याच्या आईबापांच्या जीन-तपासणीचा अहवाल आधी मागा. विकणारा "बघूनच कळतं" म्हणाला, तर पिल्लू घेऊ नका.