जवळ्याच्या बाजारात कॅसेटला भाव

रिकामी माणसं रोज एकाच दुकानात बसली की किस्से साचायला लागतात. दुकान झाडता येतं, किस्से झाडता येत नाहीत. आमचं दुकान म्हणजे कळमनुरीत स्टँडमागचं रफिकचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. शेजारच्या खत-बियाण्याच्या दुकानात मी नोकरीला होतो. म्हणजे पगार तिकडं आणि बसणं इकडं! तिसरा मिलिंद खिल्लारे, एका शाळेत क्लार्क. आम्हा तिघांना एकच रोग होता, टीव्ही गेमचा. रफिक आणि मी पुढं बरे झालो. मिलिंद झाला नाही, म्हणून हे सगळं घडलं.

*

नव्वदच्या दशकात रफिकनं हैदराबादहून टीव्ही गेम आणला. मशीनमध्ये कॅसेट खोचायची, रिमोट धरायचा आणि तासाच्या भाड्यानं खेळायचं. तकलीफ एकच, लाईट. ऐन रंगात लाईट जायची आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. त्यावरून इतकी भांडणं झाली की रफिकनं नियम करून टाकला: लाईट गेली तर उरलेला वेळ दुसऱ्या दिवशी मिळेल.

एक गुरुजी होते. शाळेत पोरांना टीव्ही गेमचे दुष्परिणाम सांगायचे आणि संध्याकाळी आमच्याकडं येऊन दाराकडं पाठ करून बसायचे. एकदा त्यांची लाईट गेली. दुसऱ्या दिवशी आले, उरलेला वेळ खेळले, तरी उठेनात.

"गुरुजी, टाइम खतम," रफिक म्हणाला.

"वेळ संपला हे बराबर. पण काल माझे दोन जीव शिल्लक होते. ते कुठंत?"

"वो तो लाईट के साथ गये, गुरुजी!"

"असे कसे गेले? घरचं लाईटबिल मी वेळेवर भरतो!"

रफिकला गुरुजींचे दोन जीव परत द्यावे लागले.

*

कॅसेट चालली नाही तर काढायची, फुंकायची, परत खोचायची. हे शास्त्र कुणी शिकवलं देव जाणे, पण सगळ्या मुलखाला येत होतं. आमच्याकडं त्यातले तज्ज्ञ म्हणजे मारुतीकाका. धनगर माणूस, शेळ्या विकायला बाजारात यायचे. जन्म रानात गेलेला, छाती भात्यासारखी. खेळ त्यांना ओ का ठो कळत नव्हता, पण मेलेली कॅसेट त्यांनी फुंकली की उठायची!

हळूहळू नाव झालं. शेजारच्या हॉटेलवाल्यानं बंद मिक्सर आणला. काकांनी फुंकला, चालू झाला. मग कुणाचा टेबलफॅन. मग एकाची लुना सुरू होईना, त्यानं काकांना प्लगपाशी बसवलं. काकांनी डोळे मिटून फुंकर घातली आणि लुना दुसऱ्या किकला सुरू! आता काका आधी चहा घ्यायचे, मग वस्तू बघायचे.

एका दुपारी काका धापा टाकत आले.

"काय झालं काका?"

"दवाखान्यातून येऊन राहिलो."

"काहून? तब्येत बरी न्हाई का?"

"मला काय धाड भरली? डागदरचं बीपीचं मशीन बंद पडलं व्हतं."

*

दोन हजार साल उलटलं आणि टीव्ही गेमचा बाजारच उठला. पोरं कॉम्प्युटरवर गेली, मग मोबाईलवर साप खेळायला लागली. कॅसेट फुकट दिली तरी कुणी घेईना. कुणी खाटेच्या पायाखाली ठेवली, कुणी दाराला पाचर मारली.

आठवडी बाजारात एक भाजीवाली मावशी होती. तिची वजनं हरवली होती, म्हणून तिनं कॅसेटी ठेवल्या होत्या. दोन कॅसेटी म्हणजे एक पाव. गिऱ्हाईकही मुरलेलं. "मावशे, ती गाड्यांच्या रेसवाली लाव, ती जरा जड हाये," असं सांगून लोक वांगी घ्यायचे.

मिलिंद तिथं पोचला आणि उभाच राहिला. तराजूत आमची रणगाड्यांची कॅसेट होती. आम्ही तिघं नोकरी-धंद्याला मुकायच्या काठावर आलो होतो ते तिच्यामुळंच!

"मावशे, ह्या कॅसेटी मला द्या."

"अन मी तोलू कशानं?"

मिलिंदनं दुकानातून खरी वजनं विकत आणून दिली. मावशीनं ती हातात घेऊन पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "ही सरकारी वजनं लई भरतात रे. मला परवडायची न्हाईत."

शेवटी वरून सगळी वांगी घ्यावी लागली. परत येताना मिलिंद मला म्हणाला, "आपली जवानी लोक वांग्यासंगं तोलून राहिले बे. मला बघवत न्हाई." त्याचे डोळे भरले होते. मी चेष्टा करणार होतो, केली नाही. त्या दिवसापासून तो कॅसेटी जमवायला लागला.

*

पुढं मिलिंद पुसेगावला मुलगी पाहायला गेला. सोबत आम्ही दोघं. वाटेत एका घरी त्याला जुनं मशीन सापडलं, ते कॅसेटीसकट पिशवीत घातलं. मुलीच्या मामानं विचारलं, पिशवीत काय हाये? यानं दाखवलं. मामा म्हणाले, लावून दाखवा.

मग कसली मुलगी आणि कसलं पाहणं! मामा रिमोट सोडेनात. पोहे गार झाले. मुलगी चहा घेऊन आली, उभी राहिली, परत गेली, परत आली. शेवटी तीच मिलिंदला म्हणाली, "मी संगीता. बारावी झाले. मामाला जे इचारायचं ते आज राहून जाणार हाये. मीच इचारते. घराला स्लॅब हाये का पत्रे?"

"पत्रे," मिलिंद म्हणाला. "पण स्लॅब टाकणार हाये."

"मग माझा व्हय हाये. पण स्लॅब पायजे."

निघताना मामांनी मिलिंदला बाजूला घेतलं. आम्हाला वाटलं, देण्याघेण्याचं बोलतील.

"हे बघा पाव्हणे," मामा म्हणाले, "पोरगी पसंत पडो न पडो, मशीन मात्र इथंच राहू द्या!"

लग्न झालं. स्लॅब झाला नाही. पावसाळ्यात संगीतावहिनी घरभर भांडी मांडायच्या आणि मिलिंद आधी कॅसेटी झाकायचा. वहिनी फक्त वर पत्र्याकडं बघायच्या. ते बोलण्याहून जास्त लागायचं.

*

मग कुठूनतरी बातमी आली की पुण्या-मुंबईकडं जुन्या गेमला 'रेट्रो' म्हणतात आणि पैसे मोजतात. मिलिंदनं तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण हा जवळा बाजार गावच्या बैलबाजाराला गेला आणि एका पोराच्या हातात कॅसेट पाहून भर बाजारात धावला!

शेजारी बैलांचा दलाल उभा होता. इतकं गरजू गिऱ्हाईक त्याच्या धंद्यात कधी आलं नव्हतं. त्यानं पोराच्या हातातली कॅसेट घेतली, दोघांच्या हातांवर रुमाल टाकला आणि रुमालाखाली मिलिंदची बोटं दाबायला लागला. बैलाचा भाव असाच ठरतो, बघणाऱ्याला कळत नाही. त्यामुळं अख्ख्या बाजाराला वाटलं, भाव बैलाएवढाच असणार!

पुढच्या बाजाराला लोक पोत्यात कॅसेटी घेऊन हजर. चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावलेलं. एकानं तर दात मोजून घ्या म्हणून खालच्या पितळी पट्ट्या दाखवल्या. मिलिंदनं भाव विचारला आणि मटकन खाली बसला. त्यानंच चढवलेला भाव त्यालाच परवडेना.

काहींनी विकल्याच नाहीत. "दिवाळीनंतर अजून चढंल," म्हणून घरी ठेवून दिल्या. पुसेगावच्या त्याच मामांनी तर कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवल्या.

"मामा, पाला काहून?" मी विचारलं.

"कीड लागली तर भाव पडतो न!"

*

आता शेवटचा. जवळा बाजारात एका म्हाताऱ्या शेठजींचं स्टेशनरीचं दुकान होतं. त्यांच्याकडं एक कॅसेट होती, आखातातून कुणीतरी आणलेली, पॅकिंगसुद्धा न फोडलेली. पहिल्याच दिवाळीला ती लक्ष्मीपूजनात मांडली आणि त्या वर्षी धंदा जोरात झाला. मग दर दिवाळीला तिला हळदकुंकू! वरचं प्लास्टिक एका बाजूनं पिवळंधम्मक झालं होतं. शेठजींनी दुकान बंद करून लेकाकडं जायचं ठरवलं तेव्हा मिलिंदला बोलावलं.

"तू हिला सांभाळशील. घेऊन जा. पैसे नको, पण हळद पुसू नको."

मिलिंदनं इंटरनेट कॅफेतून तिचा फोटो टाकला आणि आठवडाभरात पुण्याचे एक साहेब गाडी घेऊन दारात आले. मोठे संग्राहक. घरात बसल्याबरोबर त्यांनी पांढरे हातमोजे चढवले. कॅसेट उलटीसुलटी केली, भिंगातून पाहिली आणि आकडा सांगितला.

रफिकच्या हातातला चहा सांडला. संगीतावहिनींनी वर पत्र्याकडं पाहिलं. तेवढ्या पैशात स्लॅब होत होता! लग्नानंतर मी त्यांना एवढं खुश पहिल्यांदा पाहिलं आणि मलाच बरं वाटलं.

"फक्त एक अडचण आहे," साहेब म्हणाले. "हा डाग. हा केमिकलनं काढावा लागेल. त्यामुळं थोडे कमी करावे लागतील."

"कोणता डाग?" वहिनींनी विचारलं.

"हा पिवळा."

"हळद हाये ती."

"हो, तेच. हळदीचा डाग. घाण लवकर निघत नाही."

पुसेगावला वहिनींच्या बापाची हळदीची शेती होती. हळद शिजवायच्या दिवसांत या घराण्यातल्या बायांचे हात महिनाभर पिवळे असतात.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "हळदीवर माझी बारावी झाली. घाण काहून म्हणता?"

"तसं नाही ताई. मार्केटमध्ये कंडिशन बघतात."

"बरं. अन ह्यो गेम खेळणार कोण?"

"खेळणार?" साहेब हसले. "कोणीच नाही. काचेच्या कपाटात राहील, एसीमध्ये. ही फोडली की किंमत शून्य."

"म्हंजे त्येला एसी लागतो, अन कोनी खेळायचं न्हाई?"

"बरोबर."

वहिनींनी मिलिंदकडं पाहिलं. मिलिंद मान खाली घालून बसला होता. विकायचं त्यानं कबूल केलं होतं, पण जीव निघून चालला होता त्याचा. वहिनी आत गेल्या आणि विळी घेऊन आल्या. साहेबांना वाटलं, कांदा चिरणार असतील. वहिनी पाटावर बसल्या, साहेबांच्या हातमोज्यातून कॅसेट अलगद काढून घेतली आणि पात्यावरून प्लास्टिक सरळ ओढलं.

साहेब ओरडले! रफिक ओरडला! मीही ओरडलो.

"गळू द्या पत्रा," वहिनी म्हणाल्या. "हळदीला घाण म्हनणाऱ्याच्या पैशाचा स्लॅब माझ्या डोक्यावर नगं." हळदीचं प्लास्टिक त्यांनी नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि कॅसेट नवऱ्याच्या हातात दिली. "लावा. काय एवढं हाये त्याच्यात, बघू."

मिलिंदनं कॅसेट मशीनमध्ये खोचली. टीव्हीवर रंग आले, संगीत वाजलं आणि एक टोपीवाला पोऱ्या डोंगरातून पळायला लागला. वहिनी मिलिंदशेजारी बसून हसत होत्या.

साहेब दारात उभे होते. ड्रायव्हरनं बाहेरून हॉर्न दिला, तरी हलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी एक हातमोजा काढला. मग दुसरा. बूट काढले आणि चटईवर आमच्यात येऊन बसले. वहिनींनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही, फक्त दुसरा रिमोट पुढं सरकवला.

पुण्यात साहेबांच्या घरी असल्या न फोडलेल्या कॅसेटींची कपाटंच्या कपाटं भरलेली होती, हे त्यांनीच आल्याआल्या सांगितलं होतं.

त्यांनी रिमोट हातात घेतला, जरा वेळ उलटासुलटा पाहिला आणि मिलिंदच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं,

"उडी कोणत्या बटणानं मारायची हो?"